मायनस तीन पॉइंट दोन

विश्वास ठेवा नाहीतर राहू द्या. हे माझ्यासमोर झालंय, आणि मी तेव्हा पूर्ण शुद्धीत होतो.

यंदाचा फेब्रुवारी. दुपारचे सव्वादोन. चाकणची आमची कंपनी. गुरुवार म्हणजे आमच्याकडे सुट्टी, त्यामुळे शेडमध्ये एका मशीनसमोर मी एकटाच. मी सुजित, मेंटेनन्सला आहे.

महिन्यापूर्वी याच मशीनवर आमचा ऑपरेटर गोरक्ष गेला.

कसा गेला ते आधी सांगतो, कारण कागदावर खोटं लिहिलंय.

या मशीनची स्लाइड, म्हणजे सरकणारा भाग, मध्यापासून उजवीकडे गेली की सेन्सर प्लस व्होल्ट देतो, डावीकडे गेली की मायनस. ते व्होल्ट वाचून कंट्रोलरला सांगणारं एक कार्ड असतं. ते मायनस दहा ते प्लस दहा वाचणारं हवं होतं. स्टोअरमध्ये होतं शून्य ते दहाचं.

"काम उजवीकडंच चालतं ना? बसव तेच," मॅनेजर बबनराव म्हणाले.

मी बसवलं. मूर्खासारखं बसवलं!

त्या कार्डाला मायनस कळतच नाही. तिथे ते शून्यच, म्हणजे मध्यच, सांगतं. जॉ, म्हणजे जॉब पकडणारे जबडे, बदलताना मोटर बंद करायची नाही, पुन्हा सेटिंगला वेळ जातो, असा वरून हुकूम. गोरक्ष डाव्या बाजूला वाकून जॉ बदलत होता. स्लाइड हळूहळू त्याच्याकडे सरकत होती... आणि कंट्रोलरला ती मध्यावरच उभी दिसत होती, म्हणून तो तिला थांबवत नव्हता.

त्याला बाहेर काढल्यावर मी सेन्सरच्या वायरीला मीटर लावला. मायनस ३.२.

रिपोर्टमध्ये काय आलं? 'कामगाराचा निष्काळजीपणा.' खाली साक्षीदार म्हणून माझी सही.

आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टला तिथेच नवा ऑपरेटर नुमान उभा राहणार होता. कार्ड तेच! बबनरावांना फोन केला तर म्हणे, "त्याला सांग, डावीकडं जाऊ नको."

माझं डोकंच फिरलं. मेन स्विच पाडला, स्वतःचं कुलूप लावलं. सेन्सरची वायर सोडवून मीटरला जोडली. सप्लाय बंद, म्हणजे शून्यच यायला हवं.

आलं शून्य.

मग मशीनच्या पत्र्याच्या गार्डवर दोनदा टकटक झाली... गोरक्ष आत हात घालण्याआधी करायचा तशीच.

मी वळलो. कुणी नाही. कॉम्प्रेसरचीही घरघर नाही.

मीटरवर... मायनस ०.४.

मायनस १.१.

स्लाइड जागची हलली नव्हती. आकडा मात्र सरकत होता. हळू. अगदी हळू... मायनस ३.२ वर थांबला.

"दिसत न्हाई का रं, सुजित?"

आवाज डावीकडून आला. कुणी वाकून बोलावं तसा, कमरेच्या उंचीवरून.

मी पळालो नाही. भीती वाटली, पण राग त्याहून मोठा होता. माझा माझ्यावरच. मीटरची वायर उपसून काढली.

आकडा गेला नाही.

सकाळी तो मीटर तसाच नेऊन बबनरावांच्या टेबलावर आपटला. नुमान शेजारी होता. बबनरावांनी चष्मा लावला, नीट पाहिलं.

"शून्य तर दाखवतोय."

नुमान वाकला. त्याचा चेहरा उतरला.

"सुजितभाई, मायनस तीन पॉइंट दोन आहे हे. मी नाही हात लावणार त्या मशीनला."

त्याच दिवशी मी कारखाना निरीक्षकांना सगळं खरं लिहून दिलं. माझ्या चुकीसकट. मशीन बंद आहे. मलाही घरी बसवलंय.

मीटर माझ्या चिखलीच्या खोलीत, कपाटात ठेवलाय. रोज सकाळी उघडून बघतो. आकडा तोच आहे.

तो जाऊ नये, असंच वाटतं. एखाद्या दिवशी बबनरावांसारखं मलाही तिथे शून्य दिसलं तर...