नाव कुणी सुचवलं?

मी लोकांचे कान तपासतो. त्यामुळे ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही, हा माझा पेटंट विनोद. पेशंट बिचारे दर वेळी हसतात.

आमच्या मुलीचं नाव सगळ्यांना आवडायचं. छोटंसं, गोड, ओळखीपाळखीत कुणाचंच नसलेलं. ती चार वर्षांची झाली तेव्हा मावशीने विचारलं, "हे नाव काढलंत तरी कुठून?"

मी बायकोकडे बोट दाखवलं. तिने त्याच क्षणी माझ्याकडे.

"काहीतरीच! प्रसूतीनंतर मी शुद्धीवर येत होते, तेव्हा तूच नाही का कानाशी वाकून सांगितलंस?"

मी तेव्हा खोलीबाहेर होतो. आत गेलो तर ती बाळाला त्याच नावाने हाक मारत होती. "बसा आता भांडत," म्हणून मावशी हसली. आम्हीही हसलो.

त्यानंतर मुलगी हाकेला ओ देईनाशी झाली. चॉकलेटचा कागद वाजला तरी पळत यायची, पण नावाने हाक मारली की ढिम्म. बायको काळजीने अर्धी झाली. शेवटी एका दुपारी मी पोरीला माझ्या क्लिनिकमधल्या तपासणीच्या खोलीत बसवलं. जाड दार, जाड काच. बाहेरचा आवाज आत शिरत नाही.

बारीकातला बारीक आवाज तिने पकडला. दर वेळी हात वर. कान ठणठणीत होते. मग मी माइकमध्ये हळूच तिचं नाव घेतलं.

माझ्या हेडफोनमध्ये आतून "ओ" आली. तिच्याच आवाजात.

काचेपलीकडे मुलगी ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत होती.

मी माइकमध्येच विचारलं, "बाळा, तू ओ का देत नाहीस?"

"ती देते ना."

"ती कोण?"

"जिचं नाव आहे ती."

मी तिला उचललं आणि तडक घर गाठलं.

बायको मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. ती रडायलाच लागली. "मलाही ऐकू येते ती ओ. पोर शाळेत असते तेव्हा."

मी घाबरलो होतो, भयंकर घाबरलो होतो. "नाव बदलू," मी म्हणालो. "आत्ताच्या आत्ता."

मुलगी सोफ्यावर आमच्या मध्ये बसली होती. मग बायकोने तिचे केस मागे सारले आणि एका नव्याच नावाने हाक मारली. पोरीचा चेहरा खुलला. माझाही जीव भांड्यात पडला.

"छान आहे. कसं सुचलं तुला?"

बायकोचा हात थांबला.

"मला? आत्ता तूच तर कानात सांगितलंस."

मुलगी आतल्या खोलीकडे बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "तिने आधीच ओ दिली."