उभी मोटार

दुपारी साडेतीनच्या सुमारास दत्तराव मिस्त्री बॅटरीच्या मोटारीत पाणी घालायला गोदामात गेले आणि पाणी न घालताच परत आले. १९४८ सालचा मे महिना. हातातली बाटली कोनाड्यात ठेवत ते बायकोला म्हणाले, "भरलेलीच हाय."

"बरं झालं," सुगंधाबाई म्हणाल्या. "हितं तुमची लेक रांजण रिकामा करायलीय."

दत्तराव ताडकळसच्या ज्या कापसाच्या जिनिंगवर मिस्त्री होते, तिथले मालक आबासाहेब हिवाळ्यातच कुटुंब घेऊन वऱ्हाडात निघून गेले होते. त्या साली ज्यांना जमलं ते सगळेच निजामाच्या मुलखाची सरहद्द ओलांडत होते. मोटार परदेशी होती, विजेवर चालणारी. पेट्रोलच्या वासाने सूनबाईंना भोवळ यायची, म्हणून घेतलेली. जाताना आबासाहेबांनी ती मिस्त्रींच्या हवाली केली.

दत्तरावांनी ती रीतसर ठेवली होती. चाकांचं रबर बसू नये म्हणून बाभळीच्या ओंडक्यांवर उचलून, वर तरट टाकून. पुढच्या आणि मागच्या झाकणाखाली शिशाच्या पट्ट्यांचे डबे होते. उन्हाळ्यात त्यांतलं पाणी आटतं, ते वाफेच्या पाण्याने भरून काढायचं. डबे विजेने भारायला जिनिंगचं इंजिन लागे, आणि तेल येणं थांबल्यापासून इंजिन बंद होतं. अशी बॅटरी नुसती उभी राहिली तरी उतरते. मे महिन्यात ती मेलेली असायला हवी होती.

मोटारीतला विजेचा काटा भरलेल्या खुणेवर होता.

कुणीतरी चोरून पाणी घालतंय, असं दत्तरावांना आधी वाटलं. पण इंजिनाशिवाय काटा कोण चढवणार? त्यांनी प्रत्येक बुचावर लाखेचा ठिपका दिला आणि गोदामाची किल्ली करगोट्याला बांधली. आठवड्याने पाहिलं तर लाख जशीच्या तशी होती. बूच उघडलं तेव्हा पाणी काठाला लागलेलं होतं.

गोदामाच्या भिंतीला लागूनच मिस्त्रींचं घर होतं. भिंतीपलीकडे नऊ वर्षांची नर्मदा बाजेवर पडून पाणी मागत होती. आधी तांब्याने, मग घागरीने. पोट फुगत नव्हतं, घाम येत नव्हता, लघवी जवळपास बंद झाली होती. ओठ फुटले. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राही.

हकीमसाहेब येऊन गेले. "गर्मी आहे," ते म्हणाले. "सब्जा द्या."

"सब्जा पिऊन झाला, वाळाबी झाला," सुगंधाबाई म्हणाल्या. "आता हीर पाजायची ऱ्हायलीय."

हकीमसाहेब हसले नाहीत. जिना उतरावा तसे ते जपून ओट्यावरून उतरले आणि इलाजाचे पैसे न घेता गेले.

त्याच दिवशी दत्तरावांनी मोटारीतला एक डबा रिकामा करायचा ठरवला. कारण त्यांना सांगता आलं नसतं. रबरी नळी लावून त्यांनी आतलं तेजाबी पाणी फरशीवर सोडलं. शहाबादी फरशी फसफसली. भिंतीपलीकडून सुगंधाबाईंची किंकाळी आली.

नर्मदेचे डोळे वर गेले होते. जीभ टाळूला चिकटली होती.

कोनाड्यातली बाटली घेऊन दत्तराव धावत परत गोदामात गेले आणि ती त्या डब्यात ओतली. घरात आले तेव्हा पोरीच्या पापण्या हलत होत्या.

"काय केलंत तुमी?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"पाणी घातलं."

"कोनाला?"

दत्तरावांनी रिकामी बाटली कोनाड्यात ठेवली. मग म्हणाले, "पूर्ण्याला रेल्वेचा डाक्टर हाय. मोटारीनं जाऊ."

"ती चालंल?"

"लय चालंल."

सकाळी त्यांनी ओंडके काढले. नर्मदेला मागच्या गादीवर निजवलं, डोकं आईच्या मांडीवर. मोटार आवाज न करता फाटकाबाहेर पडली. गाडीवाटेवरची माणसं बाजूला होऊन बघत राहिली. इतकी मुकी मोटार त्यांनी कधी पाहिली नव्हती.

काटा पाऊण भागावर आला तेव्हा पोरीच्या कपाळाला घाम फुटला.

अर्ध्यावर आला तेव्हा ती उठून बसली. "बा, भूक लागली."

सुगंधाबाईंनी पदराची भाकर सोडली. ती तिने कोरडीच खाल्ली. पाणी मागितलं नाही.

पूर्णा आलं. दवाखान्याची पाटी आली. मोटार थांबली नाही.

"अवो, दवाखाना मागं ऱ्हायला!"

"अजून हाय," दत्तराव म्हणाले. ते काट्याकडे बघत होते. डब्यातलं सांडलं तेव्हा पोरीचं गेलं होतं; चालवून उतरत होतं ते तिच्यात परत येत होतं.

स्टेशनच्या मालधक्क्यामागच्या मोकळ्या मैदानात त्यांनी मोटार गोल फिरवायला सुरुवात केली. हमाल गोळा झाले. "मिस्त्री, मळणी काढायलात का?" एकाने विचारलं. नर्मदा खिडकीतून हात काढून हसत होती.

मोटार हळू झाली.

मग उभी राहिली.

नर्मदा दार उघडून उतरली आणि चालायला लागली.

दत्तरावांनी मोटारीकडे वळून पाहिलं नाही. हिंगोलीपर्यंत रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने ते वाशीमला मेहुण्याकडे गेले. मालधक्क्यावरचा चौकीदार लिंबाजी याने बेवारशी मोटार हमालांकरवी आपल्या खोलीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलून घेतली. मालक येईल तेव्हा बक्षीस मिळेल, असा त्याचा हिशोब होता.

दसऱ्यानंतर, निजामी संपल्यावर, पूर्ण्याचा एक पाहुणा वाशीमला आला. त्याच्यापाशी लिंबाजीचा निरोप होता.

"मोटार झकास हाय म्हनला. पाणीबिणी काई घालावं लागत न्हाई, काटाबी चढलाय."

"घरी कोन असतं त्याच्या?" दत्तरावांनी विचारलं.

"बायको हाय, धुरपताबाई. तिला काय तरी गर्मीचं झालंय म्हने. आता ह्या दिवसात कसली आलीय गर्मी!" पाहुणा हसला. "उलट निरोप हाय का काई? मोटार चालवून बघू का, असं इचारायला लागलाय तो."

चालवली तर धुरपताबाई सुटेल, पण मोटार पुन्हा रिकामी होणार. रिकामी झाल्यावर पाण्यासाठी कुणाकडे वळेल, ते दत्तरावांना ठाऊक नव्हतं. अंगणात नर्मदा मामेभावंडांबरोबर पळत होती. घामाने तिचा परकर पाठीला चिकटला होता.

"उभीच ऱ्हाऊ द्या म्हनावं," ते म्हणाले.

शेवटची खबर कार्तिकातली आहे. धुरपताबाईंना आता दिवसभर नदीच्या पात्रात मानेपर्यंत बसवून ठेवतात. पाण्यात सोडलेले त्यांचे केससुद्धा कोरडे असतात.