निळ्या तळ्याची वाट

बेटाच्या पोटात एक निळं तळं होतं. विमानातून काढलेल्या फोटोंत ते दिसायचं, पण पायी तिथवर कुणी गेलेलं नव्हतं. सहलींच्या कंपनीला त्या तळ्यापर्यंत वाट हवी होती. आणि वाटही कशी, तर सकाळी न्याहारी करून निघालेला माणूस संध्याकाळच्या चहाला किनाऱ्यावर परत यावा अशी! ती शोधायला होडीतून तिघं जण उतरले. त्यांतले दोघे नवरा-बायको होते, हे त्या मोहिमेवरचं पहिलं संकट.

बायकोला ऑफिसात सगळे वाटाडी म्हणत. कोयता, दोर आणि लाल रिबिनींचं बंडल घेऊन ती रान फोडत पुढे जायची आणि जिथे वाट फुटेल तिथे झाडाला रिबीन बांधायची. नवरा कंपनीचा फोटोवाला. घरात दोघांची तोंडं दोन दिशांना होऊन बराच काळ लोटला होता. बोलणं उरलं होतं ते गॅस संपला, दूधवाला आला, एवढ्यापुरतं. पण कंपनीला त्याचं काय? ‘नवरा-बायको आहेत ना, मग एकच तंबू पुरे,’ असा विचार करून साहेबांनी दोघांना एका होडीत घातलं.

तिसरा असायचा नमुना. हा कंपनीचा जुना रिवाज. कुठलीही नवी वाट पास करायची, तर आधी ऑफिसातल्या सगळ्यांत बैठ्या माणसाने ती चालून दाखवायची, आणि परत आल्यावर कुणी न विचारता आपणहून म्हणायचं, “मजा आली.” तो म्हणाला की वाट पास. या खेपेचा नमुना होते पगार विभागातले काका. पोट पुढे आणि दम मागे. पहिल्या मजल्यावर जायलासुद्धा ते लिफ्टची वाट बघत उभे राहत. मात्र माणूस लाखात एक; कुणाचं वाईट चिंतायचं नाही आणि बिस्किटाचा पुडा एकट्याने फोडायचा नाही.

“वाट पास झाली की किनाऱ्यावर छावणी, आणि छावणीची मुख्य तू,” असा साहेबांनी वाटाडीला शब्द दिला होता. राहायला एक खोली, काम बाराही महिने. तिने हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं. जगाच्या दृष्टीने ती वाट शोधायला आली होती; तिच्या मनात ती घर सोडून आली होती.

होडीवाल्याला किनाऱ्यावर थांबवून ते सकाळी निघाले. माडांची रांग संपली आणि रानाने त्यांना आत ओढून घेतलं. वर पानांचं छप्पर, खाली कुजलेल्या पाल्याचा गुडघाभर थर, आणि मध्ये अशी वाफ की चष्म्याच्या काचा पुसता पुसता काकांचा रुमालच भिजून गेला. पक्ष्यांचा कलकलाट चाललेला, पण पक्षी दिसेल तर शपथ! वाटाडी कोयता चालवत पुढे, काका मध्ये, आणि फोटोवाला बराच मागे, हव्या त्या झाडापाशी हवा तेवढा वेळ थांबत.

“ताई, तुमचे यजमान मागेच राहतात हो,” काका म्हणाले.

“राहू द्या. त्याला सवय आहे.”

वाटेत एक घळ लागली. दोन्हीकडे कडे, मध्ये मोठाले कोरडे दगड. काकांनी त्यांतल्या सपाट दगडावर बसकण मारली आणि पुडा काढून तिघांत बिस्किटं वाटली. ऊन छान पडलं होतं. घळ ओलांडली की खरी चढण. काका पाच पावलं चढायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. वाटाडीने त्यांच्या कमरेला दोर बांधला, कुठे ओढलं, कुठे ढकललं, कुठे नुसता धीर दिला. दुपार व्हायच्या आत ते चढणीच्या माथ्यावर पोचले, आणि समोर तळं!

दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हे तळं जवळूनही साजरं निघालं. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. पलीकडच्या कड्यावरून पाण्याची एक बारीक धार पडत होती आणि तिच्या तुषारांनी भोवतालचं नेचं सारखं डुलत होतं. काकांनी बूट-मोजे काढून पाण्यात पाय सोडले आणि डोळे मिटून घेतले. वाटाडीही बसली. कितीतरी महिन्यांनी तिच्या छातीवरचं ओझं हललं. किनाऱ्यावरची खोली तिला दिसू लागली. दाराशी वाळू, खिडकीत समुद्र, आणि स्वयंपाक एकटीपुरता. ती स्वतःशीच हसली.

“पाय काढ जरा,” मागून नवरा म्हणाला. “फोटोत येतायत.”

तिने पाय काढले. वाद घालून आजचा दिवस नासवायची तिची इच्छा नव्हती.

तेवढ्यात तिचं लक्ष वर गेलं. बेटाच्या शिखरावर ढग बसला होता, काळा कुळकुळीत. इथे ऊन होतं, तळ्यावर ऊन होतं, पण शिखर दिसेनासं झालं होतं. “उठा काका, निघू या,” ती म्हणाली.

उतरताना पहिला फाटा आला. इथे सकाळी तिने जाड बुंध्याच्या झाडाला रिबीन बांधली होती. झाड होतं, रिबीन नव्हती. तिला वाटलं, झाडच दुसरं असेल. शंभरेक पावलं पुढे गेली, परत आली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळीकडे तेच रान, तीच पानं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“काय शोधतेस?” नवऱ्याने विचारलं.

“रिबीन. इथे बांधली होती.”

“त्या होय?” त्याने खिशात हात घातला आणि लाल रिबिनींचा बोळा बाहेर काढला. एकही फाटलेली नव्हती. सगळ्या गाठी नीट सोडवून काढल्या होत्या. “सगळ्या फोटोंत चिंध्या दिसत होत्या. म्हणून येता येता काढल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या. म्हटलं, वाया कशाला जाऊ द्यायच्या.”

वाटाडी त्याच्याकडे बघतच राहिली. “त्या कशासाठी बांधल्यात, हे मला विचारावंसं नाही वाटलं तुला?”

“विचारायचं काय त्यात? रानात लाल चिंध्या बऱ्या दिसतात का?”

ती ओरडली नाही. ओरडण्यापलीकडे गेली होती ती. बारा वर्षं हेच चाललं होतं. ती काहीतरी मांडायची, आणि तो मागून येऊन शांतपणे, तिच्याच भल्यासाठी, ते आवरून ठेवायचा. तिने लावलेली झाडं गच्चीवरून उचलली, तिच्या मैत्रिणींना येऊ नका म्हणून कळवलं, आणि दर वेळी चेहरा असा, की बघ, किती नीटनेटकं केलं!

“आता भांडू नका हं,” काका हळूच म्हणाले. “भांडण किनाऱ्यावर पण करता येईल.”

अंदाजाने तिने उतार धरला. रान दाट होत गेलं, उतार तीव्र होत गेला, आणि थोड्या वेळाने ते एका घळीत उतरले. घळ तीच होती, पण सकाळची जागा नव्हती. इथे कडे सरळसोट उभे होते आणि मधली जागा जेमतेम बैलगाडीएवढी. ऊन अजून होतं. पक्षी मात्र गप्प झाले होते. वाटाडीने हात वर केला. तिघे थांबले.

आधी जमीन थरथरली. मग आवाज आला, वरून, वळणाच्या मागून, धडधडत!

“पाणी! वर चढा!”

समोरच्या, किनाऱ्याच्या बाजूच्या कड्याला एक खाच होती. वाटाडी झेपावली, मुळं धरली, वर सरकली, दोराचं टोक झाडाला अडकवलं. मागून फोटोवाला चढला. काका दोन हात वर आले आणि त्यांचा पाय घसरला. तेवढ्यात वळणावरून पाण्याची भिंत आली! तांबडी, फेसाळ, दगड लोळवत आणि झाडं उलटीपालटी करत! काका गेलेच. कमरेचा दोर ताणला गेला. अडकवलेलं झाड मुळासकट हललं.

“धर!” ती किंचाळली.

फोटोवाल्याच्या एका हातात कॅमेऱ्याची पेटी होती. क्षणभर, अगदी क्षणभर त्याने पेटीकडे पाहिलं. मग ती सोडली आणि दोन्ही हातांनी दोर पकडला. पेटी पाण्यात पडली, एकदा वर आली आणि दिसेनाशी झाली. दोर त्याच्या तळव्यांतून सरकला. कातडी सोलून निघाली. त्याने सोडला नाही! वाटाडीने दोर कमरेला गुंडाळला, टाचा रोवल्या. दोघं मिळून ओढत होती. एक हात. अजून एक हात. काकांचं डोकं दिसलं, मग पोट, आणि शेवटी अख्खे काका खाचेत येऊन पडले. पाणी ओकले. मग स्वतःच्या घोट्याकडे बघून म्हणाले, “हा असा नसतो ना?”

घोटा मोडला होता. कोयत्याने दोन फांद्या तासून तिने तो बांधला. निथळत, धापा टाकत त्यांनी काकांना दोघांच्या मध्ये घेतलं आणि कड्याच्या काठाकाठाने खाली निघाले. बारा वर्षांत नवरा-बायको इतके एका तालात कधी चालले नव्हते. वाटाडीच्या मनात आलं, हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

बऱ्याच वेळाने सकाळची जागा आली. इथून किनारा जवळ होता. वाट तिच्या ओळखीची होती. पण ती थबकली. काका ज्या दगडावर बसून बिस्किटं खात होते तो दगडच दिसत नव्हता. त्यावरून पुरुषभर पाणी धावत होतं. म्हणजे रिबिनी असत्या, वाट चुकली नसती, तरी पाणी आलं तेव्हा ते नेमके इथे, मधोमध असते. आणि वर ऊनच असतं. तिने ते पाणी निरखून पाहिलं आणि तिला कळून चुकलं, की खोली गेली.

किनाऱ्यावर होडीवाल्याने काकांना वाळूवर निजवलं आणि वायरलेसवर साहेबांना लावून दिलं. सूर्य समुद्राला टेकला होता.

“साहेब,” काका म्हणाले. ओठ निळे पडले होते, पण नजर वाटाडीवर होती. छावणीची गोष्ट त्यांच्या कानावर होती. ऑफिसात कुठली गोष्ट लपते? “साहेब, मजा आली.”

“शाब्बास!” पलीकडून आवाज आला. “मग झालं तर. वाटाडीबाई, छावणीच्या तयारीला लागा. खोली आधी तुमची बांधू.”

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. वाटाडीने काकांच्या हातातून यंत्र घेतलं.

“साहेब, वाट बंद करा. घळीला शिखरावरचं पाणी येतं आणि खाली कळतसुद्धा नाही. काकांचा पाय मोडलाय. थोडक्यात वाचलो.”

“पण तुम्ही वाट चुकला असाल, म्हणून ना? नमुना तर मजा आली म्हणतोय.”

एवढंच म्हणायचं होतं, की हो, चुकलो, माझ्या नवऱ्याने रिबिनी काढल्या. एक वाक्य, आणि तेही खरं! तिला ते फार म्हणावंसं वाटलं.

“चुकलो नसतो तरी मेलो असतो,” ती म्हणाली. “घळ टाळून जाणारी दुसरी वाट नाही. मी लोकांना त्या घळीत उतरवणार नाही.”

“मग छावणीही नाही हं, बाई. विचार करा.”

“केला.”

काकांनी तोंड फिरवलं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, घोट्यापायी की तिच्यापायी, त्यांचं त्यांना ठाऊक.

होडी निघाली तेव्हा नवरा तिच्या शेजारी येऊन बसला. त्याच्या दोन्ही हातांना तिने चिंध्या गुंडाळल्या होत्या. किनारा लांब गेल्यावर त्याने विचारलं,

“तू इथे राहणार होतीस?”

“हो.”

“एकटी?”

“हो.”

“आणि मला सांगणार कधी होतीस?” त्याने सुस्कारा सोडला. “जाऊ दे. मीही कॅमेरा सोडलाच की. तूही बरोबर केलंस. आता रद्द झालं ना सगळं? घरी जाऊ, दोन दिवस झोप काढ, होशील ठीक.”

“छावणी रद्द झाली,” ती म्हणाली. “माझं जाणं नाही.”

“कुठे जाणार? खोली तर गेली.”

“माहीत नाही.”

त्याला ते खरं वाटेना. पाण्याची बाटली उघडायचा प्रयत्न त्याने केला; सोललेल्या हातांनी जमेना. तिने बाटली घेतली, झाकण उघडलं, त्याच्या ओठांना लावली. तो पोटभर प्यायला. मग तिने झाकण बंद केलं, बाटली त्याच्या मांडीवर ठेवली आणि उठून होडीच्या दुसऱ्या टोकाला, काकांच्या उशाशी जाऊन बसली.