माग चालूच होता

जिन्याच्या पायथ्याशी दोघांची टक्कर होता होता राहिली. ती सुताच्या लडी छातीशी धरून वर चालली होती, आणि तो सरस लावायचा ब्रश हातात तसाच घेऊन तक्रार करायला वर निघाला होता. तळमजल्यावरच्या खोलीत तो व्हायोलिनं दुरुस्त करायचा, आणि त्याच्या बरोबर डोक्यावरच्या खोलीत ती हातमागावर शाली आणि पडदे विणायची. आजवरची ओळख मान हलवण्यापुरतीच.

रागावू नका, तो म्हणाला, पण दुपारी थोडा वेळ माग थांबवता आला तर उपकार होतील. तार सुरात येते न येते तोच वरून ठोका पडतो. तिने लडी सावरत सांगितलं, की ती सकाळपासून बाहेरच होती. माग बंद आहे.

त्याने मान वर केली. मग तिनेही.

खट्... खटक्. खट्... खटक्.

"वर कोण आहे?" त्याने हळूच विचारलं.

"कोणी नाही. मी एकटीच असते..."

ती दोघं वर गेली. तिने कुलपात किल्ली फिरवली आणि आवाज थांबला. खोलीत कोणी नव्हतं. खिडकी बंद होती, आडवा धागा नेणारा धोटा जागच्या जागी होता. फक्त मागावरचं कापड सकाळपेक्षा वीतभर वाढलं होतं. तिने त्यावरून बोट फिरवलं. वीण तिचीच होती, पण एकही धागा सैल नव्हता.

"वरचा मजला रिकामा म्हणतात, तो हाच," तो म्हणाला. घाबरलेली असूनही तिला हसू आलं. तेव्हापासून तो तिला 'वरचा मजला' म्हणू लागला, आणि ती त्याला 'तळमजला'.

खरं तर तिने त्याच दिवशी खोली सोडायला हवी होती. पण भीतीच्या मागोमाग तिच्या मनात दुसरंच काहीतरी आलं – सुटका. नोकरी सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा वाटलं होतं की आता आपणच आपले मालक. निघालं भलतंच. इतका कडक मालक तिला जन्मात भेटला नव्हता. सुट्टी नाही, जेवण उभ्या उभ्या, आलेल्या कामाला नाही म्हणायची छाती नाही. ताई फोन करायची, ये म्हणायची, आणि ती मागावरून न उठता सांगायची, की वेळ नाही. त्यात एका हॉटेलच्या सगळ्या पडद्यांचं काम अंगावर घेतलेलं. आणि आता आपण पाठ फिरवली की काम आपोआप होतंय! मग कुणाचं काय बिघडलं?

ती बाहेर राहू लागली. बाहेर म्हणजे तळमजल्यावर. त्याच्या खोलीतल्या स्टुलावर ती बसायची, आणि तो व्हायोलिनच्या पोटात वाकून बघत तिच्याशी बोलायचा. लाकडाचा, राळेचा वास. खिडकीच्या काचेवर पावसाची भुरभुर. कधी काम बाजूला सारून तो छत्री उचलायचा, आणि दोघं नदीकाठाने लांबवर चालत जायची.

"दोघांत एकच छत्री?" ती विचारायची.

"दुसरी आहे. पण ती दुरुस्तीला टाकलीय."

"तूच दुरुस्त करणारा ना?"

"म्हणून तर होत नाहीये..."

अहोजाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

परत येताना इमारतीजवळ पावलं मंद व्हायची. वरच्या खिडकीतून ठोके ऐकू यायचे.

मग हळूहळू तिला काहीतरी होऊ लागलं. धाग्याला हात न लावता तिच्या बोटांवर वळ उमटू लागले. बोलता बोलता ती थांबायची, नजर कुठेतरी अडकायची, आणि पाय फरशीवर दाबू लागायचे – उजवा, डावा, उजवा – वरच्या ठोक्यांच्या तालावर. एकदा पुलावर त्याने तिचा हात हातात घेतला. केव्हापासून घ्यायचा होता. पण घेतला आणि तो चरकला. त्या हाताला वजनच नव्हतं.

"तू आहेस ना इथे?" त्याने विचारलं.

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. "आहे... बहुतेक."

त्यानंतर एका दुपारी ताई आली. जिन्यावरून खाली उतरताना तिला व्हायोलिनवाल्याच्या उघड्या दारातून स्टुलावर बसलेली धाकटी बहीण दिसली, आणि तिने चौकट घट्ट धरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती म्हणाली, की मी आत्ता वर तुझ्याकडेच जाऊन आले.

"तू दार जेमतेम फटीएवढं उघडलंस. वेळ नाही म्हणालीस आणि लावून घेतलंस."

"ताई, ती मी नव्हते गं."

"मला काहीच वेगळं वाटलं नाही," ताई म्हणाली. "मला वाटलं, नेहमीचीच तू."

ते वाक्य तिला सुईसारखं लागलं. ती उठली. त्यानेही हातातलं काम खाली ठेवलं. ताईला तिथेच बसवून दोघं वर गेली.

या वेळी किल्ली फिरल्यावर ठोके थांबले नाहीत.

भर दुपारच्या उजेडात मागावर एक बाई पाठमोरी बसली होती. तिचाच सदरा, तिचीच वेणी, फक्त केस पिकलेले आणि खांदे खाली ओघळलेले. कापड तिच्या पायांशी ढीग होऊन पडलं होतं. "नंतर या," ती न वळता म्हणाली. "वेळ नाही."

तो पुढे सरसावला. तिने त्याला हाताने थांबवलं. तिला आता कळलं होतं, की ही कोणी परकी नव्हे. जिला आपण कधी उठू दिलं नाही, तीच ही. तिने भिंतीवरची मोठी कात्री काढली, मागाच्या समोर गेली, आणि ताणलेले उभे धागे कापायला सुरुवात केली. हॉटेलचं सगळं काम होतं त्यावर. धागे तट्तट् तुटत गेले. कापता कापता ती रडत होती.

ठोके थांबले. त्या बाईने मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"आता मी काय करू?"

"काही नको. बस जरा," ती म्हणाली. आणि तिच्या शेजारी बाकावर टेकली. दोघी खांद्याला खांदा लावून बसून राहिल्या. शेजारची जागा केव्हा रिकामी झाली, ते तिलाही सांगता आलं नाही आणि दारात उभ्या असलेल्या त्यालाही नाही.

हॉटेलवाल्यांनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं. ती ताईकडे चार दिवस राहून आली, नुसती झोपली आणि जेवली. परतल्यावर तिने स्वतःशी ठरवलं: संध्याकाळ झाली की मागावर चादर घालायची, आणि आपल्याला पेलवेल तेवढंच काम घ्यायचं. हाताला पुन्हा वजन आलं, ऊब आली. हे त्यानेच पहिल्यांदा सांगितलं, आणि हात सोडायला विसरला.

एका संध्याकाळी दोघं फिरून परतत होती. इमारतीच्या दाराशी ती थबकली. तळमजल्याच्या बंद खोलीत कोणीतरी व्हायोलिनची तार लावत होतं. सूर चढत चढत जायचा, अगदी जागेवर यायचा, मग पुढची तार.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"केव्हापासून?"

"झाले बरेच दिवस," तो खाली बघत म्हणाला. "काम टाकून मी तुझ्याबरोबर असतो. कामं साचत गेली..."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो, तर तू म्हणाली असतीस की भेटणं कमी करू." तो थांबला. "ते मला नको होतं. त्यापेक्षा हे परवडलं."

तिला रागही आला आणि त्याला घट्ट धरावंसंही वाटलं. इतकं वेड्यासारखं प्रेम तिच्यावर कोणी केलं नव्हतं, आणि असं करू द्यायलाही ती तयार नव्हती. तिने त्याची बोटं उजेडात धरली. त्यांच्यावर तारांचे बारीक वळ होते.

"ऐक," ती म्हणाली. "तू काम करशील तेव्हा मी तुझ्या खोलीत बसेन. बोलणार नाही. हवं तर सूत उकलत बसेन. भेटायला वेळ काढायलाच नको मग. चालेल?"

"रोज?"

"रोज. म्हातारी होईपर्यंत. पण आधी आत जाऊन त्याला उठवू."

त्याच्या हातातली किल्ली तिने घेतली. आत सूर चालूच होता. तिने त्याला जवळ ओढलं, आणि दार उघडलं.