सात हात रंग

तो आमच्या घरात आला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. दार मी उघडलं, "या" मी म्हटलं, पाण्याचा ग्लासही मीच पुढे केला. पण त्याची नजर जी छताला चिकटली ती चिकटलीच. पाणीसुद्धा वर बघतच प्यायला. अर्धं शर्टावर गेलं. गळती शोधायला आलेला माणूस स्वतःच गळतोय हे बघून मला हसू फुटलं, आणि ते लपवायला मी आत जाऊन एक धुतलेलं पातेलं परत धुतलं.

खरं तर त्या दिवशी मी घरी असायचं काही कारण नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात कामाला होते. पण आमच्या मालकांना सकाळपासून स्वतःचा चष्मा सापडत नव्हता, चष्म्याशिवाय त्यांना कुलपाचं भोक दिसत नव्हतं, त्यामुळे दुकान उघडलंच नाही. माझ्या आयुष्याचं जे काही भलं झालं ते त्या भोकामुळे.

डाग बैठकीच्या छतावर होता, पंख्याच्या उजव्या बाजूला. बाबांना तो बदकासारखा दिसायचा. मला आत्यासारखा, एका बाजूने. वरच्या मजल्यावर भूगोलाच्या बाई राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या; त्यांच्या मते ते सरळसरळ एक द्वीपकल्प होतं आणि त्याला इतकी नावं ठेवायची गरज नव्हती.

आमच्याकडे शिडी नव्हती. जेवणाच्या टेबलावर स्टूल ठेवलं, स्टुलावर तो चढला, स्टूल मी धरलं. डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसं तो बोटाच्या पेराने छत ठोकायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मग कानामागची पेन्सिल काढून त्याने डागाच्या कडेकडेने रेघ ओढली आणि तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख घातली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"डाग वाढतोय की थांबलाय, ते कळतं." हे त्याने छतालाच सांगितलं.

"आणि थांबला तर?"

"तर माझं काम संपलं."

खालून मला त्याची फक्त हनुवटी दिसत होती. तिच्यावर एक लहानसा पांढरा व्रण... लहानपणी कुठून तरी पडला असणार. माणसावर प्रेम करायला हनुवटीपासून सुरुवात करू नये, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

गळतीचं कारण तिसऱ्या फेरीत सापडलं. वरच्या घरात तो रोज एका ठिकाणी रंगीत पाणी ओतायचा आणि आमच्याकडे येऊन वाट बघत बसायचा. पहिल्या दिवशी बाईंच्या बेसिनमध्ये लाल पाणी – काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या न्हाणीघराच्या जाळीत हिरवं, आणि तिसऱ्या दिवशी आत्याला हिरवी किनार. जाळीखालच्या नळीचा सांधा सुटला होता. त्याने जाळी काढली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि एकही फरशी न फोडता सांधा नवा बसवला. फोडायची हिंमतच नव्हती; बाई डोक्यावर उभ्या होत्या. त्या निळ्या फरशा त्यांच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या सरांनी, एका सुट्टीत स्वतःच्या हाताने बसवलेल्या. तिसरी ओळ तिरकी गेली होती. सरांनी आयुष्यात केलेली ती एकमेव तिरकी गोष्ट, असं बाई सांगायच्या. सर गेल्यापासून जास्तच सांगायच्या.

दुकान दुपारी बंद असायचं तेव्हा मी घरी यायचे, आणि त्या वाट बघण्याच्या वेळात आम्ही बोलायला लागलो. म्हणजे मी बोलायचे, तो छताकडे बघून हुंकार द्यायचा. शेवटी एकदा तो टेबलावर उभा असताना मला राहवेना.

"तुम्हाला लांबचं छान दिसतं वाटतं."

"का बरं?"

"जवळचं बघत नाही म्हणून विचारलं. दुकानात या, तपासून देते."

त्याने पहिल्यांदाच मान खाली केली. चांगला चार-पाच सेकंद बघत राहिला. त्याचे कान टोमॅटोसारखे लाल झाले. "दिसतंय की..." असं पुटपुटत तो मागे सरला आणि पंख्यावर डोकं आपटून घेतलं. पंखा बंद होता म्हणून ही गोष्ट पुढे आहे.

जाताना म्हणाला, आता आठवडाभर थांबू. डाग रेघेबाहेर गेला नाही, तर एक हात रंग मारून मोकळे.

मोकळे. हा शब्द मला अजिबात आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा झोपले होते. त्यांच्या कपात गार झालेला चहा उरला होता. दुकानातली काचा पुसायची फवाऱ्याची बाटली माझ्या पिशवीत होती. या तीन गोष्टी एका खोलीत एकत्र आल्या, यात माझा दोष किती? नुसतं पाणी वाळून गेलं असतं, चहा मात्र रंग धरतो... मी टेबलावर स्टूल ठेवलं, चढले, आणि रेघेच्या बाहेर दोन फवारे मारले.

आठवड्याने तो आला, बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. दुसरी रेघ, नवी तारीख. "परवा परत येतो," म्हणाला. परवाच्या आदल्या दिवशी परत दोन फवारे.

अशा पाच रेघा झाल्या. अजूनही मला वाटतं, इतके सुंदर दिवस परत नाही आले. दुपारी कलतं ऊन खिडकीतून टेबलापर्यंत यायचं, त्याची पावलं जिन्यात वाजायची – तो एक पायरी सोडून चढायचा – आणि मी केस नीट करून, अजिबात वाट बघत नसल्यासारखी दाराशी उभी असायचे. तो आता बोलायचा. घरोघरच्या छतांच्या गोष्टी सांगायचा. भांडणाऱ्या घरातल्या पंख्यावर जास्त धूळ असते म्हणे, कारण शिडी कुणी धरायची यावरच अडतं. मी विचारलं, आमच्या घरी? तो म्हणाला, तुम्ही स्टूल बरं धरता.

मग मुंग्या आल्या. भिंतीवरून एक रांग सरळ डागापर्यंत. तो तासभर त्या रांगेकडे बघत बसला. सांडपाण्याला मुंग्या लागतात, हे काही त्याच्या अनुभवात बसेना. तो वर जाऊन बाईंना विचारून आला, तुम्ही न्हाणीघरात काही गोड खाता का. बाईंनी त्याला उभ्याउभ्या सुनावलं.

मी हसले. तो हसला नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याचे गाल आत गेलेत.

"हे मला एकट्याला मिळालेलं पहिलं काम आहे," तो हळूच म्हणाला. "सांधा मी स्वतः बसवलाय. गळायला नको... पण गळतोय. मुकादम म्हणाले, सोमवारी वरची फरशी फोडायची. आणि त्यानंतर मी परत दुसऱ्यांच्या हाताखाली, सिमेंट कालवायला."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण तोंडातून निघालं ते, "चहा घेणार?"

सोमवारी सकाळी मुकादम हातोडा आणि छिन्नी घेऊन हजर झाले. मागे तो, खाली मान घालून. बाबा जिन्यात. बाई न्हाणीघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. तुटताना दिसायला नको, म्हणाल्या. मग माझा हात धरला. "ठमे, तू थांब माझ्यापाशी."

मुकादमांनी छिन्नी ठेवली ती नेमकी तिसऱ्या ओळीवर.

"थांबा," मी म्हटलं. "डाग माझा आहे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे... जुना तुमचा. रेघेबाहेरचा सगळा माझा. चहाचा आहे."

मुकादमांचा हातोडा हवेतच राहिला. तो पुढे आला. एखाद्या खटल्यात विचारावं तशा शांत आवाजात त्याने विचारलं, "कुठला चहा?"

"बाबांचा. बिनदुधाचा."

"साखर?"

"दोन चमचे."

त्याने डोळे मिटले. "मुंग्या," तो म्हणाला.

मागून बाबांचा आवाज आला. "अगं, माणूस बोलवायला घराला दार असतं. छतातून कशाला बोलवायचं?"

मुकादम हसता हसता उलट्या बादलीवर बसले. बाईंनी चष्मा लावून मला नीट बघून घेतलं. तो मात्र हसला नाही. "बारा दिवस मला वाटत होतं, माझ्या हातातच खोट आहे," एवढंच बोलला, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेला. एकेक पायरीने.

मुकादमांनी सांधा तपासला आणि पक्का आहे म्हणून सांगितलं. बाईंनी मला तासभर झोडपलं. त्याची नोकरी वाचली, फरशा वाचल्या. माझं काय वाचलं ते कळत नव्हतं. मी आठवडाभर दुकानात लोकांना चुकीच्या ओळी वाचायला लावत होते.

रविवारी दार वाजलं. हातात रंगाचा डबा आणि ब्रश. मुकादमांनी पाठवलं नाही, सुट्टी आहे, आपणच आलो, असं त्याने बाबांना सांगितलं. मी मुकाट्याने स्टूल धरलं.

"राग गेला?" मी विचारलं.

"अर्धा."

"तुमच्या हातात खोट नव्हती. मला माहीत होतं, तुम्ही झुरताना दिसत होतात, तरी मी गप्प बसले. फार चुकलं माझं."

ब्रश थांबला. "केलंत कशाला पण?"

"काम संपलं असतं, तर... तुम्ही आला नसतात."

रंगाचा एक थेंब माझ्या कपाळावर पडला. तो खाली वाकला, खिशातला रुमाल काढला, आणि मग पुसायचं धाडस न झाल्यामुळे नुसताच माझ्या हातात दिला.

"'परत या' एवढं म्हटलं असतंत तरी आलो असतो. मला काय छताची एवढी हौस होती?" मग घसा खाकरून, एकदम कामाच्या आवाजात, "चहाचा डाग एका हातात जात नाही. वाळला की परत वर येतो. पुढच्या रविवारी दुसरा हात मारावा लागेल."

"आणि तरी आला तर?"

"येणारच," तो म्हणाला. इतकं आशेने कुणी डागाबद्दल बोललेलं मी ऐकलं नाही.

ते घर आता आमचं नाही. बाबा नाहीत, बाईही नाहीत. पण त्या रविवारांचा ओल्या रंगाचा वास मला अजून येतो. चौथ्या हाताला डाग पार गेला होता, आंधळ्यालाही दिसलं असतं. बाई मुद्दाम खाली आल्या, मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, किनाऱ्याकडे अजून थोडा आहे. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता दुजोरा दिला.

सातव्या रविवारी त्याने डबा आणला, पण ब्रश आणायला विसरला. "आत ये," मी म्हटलं. दिवेलागणीपर्यंत तो बसला होता, आणि ब्रशाचं कुणी नावही काढलं नाही.