थोरलीच्या हातचं रोप

मुरबाडपासून आत, भातकापणी उरकली की विहिरीच्या पाण्यावर कोबी लावतात. पहिलं रोप घरातल्या थोरल्या सुनेनं लावायचं आणि सगळ्यांना गूळ भरवायचा, ही त्या घरची जुनी रीत. म्हणूनच बांध कोरून सारिकाची निम्मी वाडी गिळलेल्या गणूला, तिच्या दिराला, तिच्याच दारात यावं लागलं.

"वयनी, उद्या लावणी हाय. येशील ना?"

"येईन की."

नवऱ्याचा दहावा व्हायच्या आत याच माणसानं बांध सरकवला होता. ती जमीन तिच्या लेकीची, मनस्वीची होती. सारिका मेली असती तरी हे विसरली नसती.

तिच्या परसातल्या मुळ्याच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उठले होते. शेतीच्या साहेबांनी सांगितलं होतं, हा विषाणू मावा ही बारीक कीड पसरवते, रोगट पानाच्या रसानंही लागतो. पण धरतो तो कोबी, मुळा, मोहरी यांनाच. माणसाला त्याचं काही नाही. सारिकानं ती पानं पाट्यावर वाटली, राखेत कालवून तळहातांना चोळली, आणि हसतमुखानं ओळीच्या ओळी लावून दिल्या. शेवटी त्याच हातांनी गणूला गूळही भरवला; हाताला चिकटलेला मनस्वीनं चाटून घेतला.

कोबीनं गड्डा धरलाच नाही. पानं आकसली, चट्टे पसरले. सारिकाच्या जिवाला गार वाटलं.

मग एका सकाळी गणूची बायको सकू आली. "ह्यांना जेवण जात नाय गो. उजाडल्यापास्नं वावरात उभं ऱ्हातात."

सारिका मुद्दाम बघायला गेली. गणू कोबीत उभा होता, घोट्यापर्यंत ओल्या मातीत, तोंड उन्हाकडे. मानेवर शिरांच्या कडेनं पिवळे-हिरवे चट्टे. कानामागे मावा बसला होता. तो झटकत नव्हता.

तिला कीव आली नाही. "बांध मागं घे, गणू."

"घे. सगळं घे," तो म्हणाला. त्यानं डोळे उघडले नाहीत.

त्याच दिवशी तिनं बांधाचे दगड एकटीनं जुन्या जागी नेऊन ठेवले. हात सोलवटले, पण घरी आली ती जिंकून.

मनस्वीचं सकाळचं ताट तसंच झाकलेलं होतं.

पोर परसात उभी होती. मोरीच्या ओल्या मातीत अनवाणी, बाह्या वर सारून, मावळत्या उन्हाकडे तोंड करून.

"मने, जेवली नायस?"

"भूक नाय."

सारिका धावत तिच्यासमोर गेली.

"आई, जरा सरक ना गो," मनस्वी हळूच म्हणाली. "तुझी सावली पडते."