माहेरचं बोलावणं

प्रद्युम्नाची बदली विशाखापट्टणला झाली आणि या खेपेस क्वार्टरही मिळालं, ही बातमी तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत पोचली तेव्हा कमलाक्षी मुलींचे गणिताचे पेपर तपासत बसली होती. हातातला पेपर तिनं पुरा केला, मार्क मांडले आणि मगच मान वर केली.

"आणि नित्या?"

"नित्या पण जाणार की," शेषम्मा आत्या म्हणाली. ही प्रद्युम्नाची आत्या, खालच्या मजल्यावर राहणारी. "बाप नेतोय. सावत्र कां होईना, आई आहे. मावशीनं किती वर्षं सांभाळायची पोर?"

कमलाक्षीनं पुढचा पेपर ओढला. गेली तीन वर्षं नित्याची वेणी तिनं घातली होती, ताप आला की उशाशी तीच बसली होती. लावण्या गेली त्या आठवड्यात ती चार साड्या घेऊन या माडीवर राहायला आली, ती तिथलीच झाली. आता सात वर्षांची पोर कुणीतरी उचलून समुद्राकाठी नेणार होतं, आणि त्यात गैर काय, असं सगळी गल्ली विचारणार होती.

लावण्या म्हणजे कमलाक्षीची थोरली बहीण, प्रद्युम्नाची पहिली बायको. नवरा नौदलात, आज कोची तर उद्या मुंबई, आणि ही कायमची तंजावुरात. प्रद्युम्न गोड बोलून गळा कापणारा नव्हे. तो नुसता गोड बोलायचा आणि विसरायचा. दर बदलीला सांगायचा, "या वेळी क्वार्टर मिळालं की आलोच न्यायला." लावण्या भोळी. ती लगेच काळी लोखंडी ट्रंक काढून भरायला घ्यायची. सुटीवर आलेल्या नौदलवाल्यांच्या बायकांना विचारून विचारून तिनं सगळं शिकून घेतलं होतं. युनिफॉर्मची कॉलर आत दुमडायची. खाऱ्या हवेत कपडे दमट होतात, म्हणून ट्रंकेच्या कोपऱ्यांत तांदळाच्या पुरचुंड्या ठेवायच्या. महिने जायचे, पत्रं यायची, आणि एक दिवस ती ट्रंक पुन्हा रिकामी करायची. बसनं सकाळी निघालं तर दुपारच्या आत नागपट्टणमचा समुद्र दिसतो; पण तिला तो नवऱ्याबरोबरच पाहायचा होता. कार्तिकातल्या तापात ती गेली, तेव्हाही ट्रंक भरलेली होती. प्रद्युम्न आला तो तेराव्याला.

या खेपेस तो आला तो टॅक्सीनं, नव्या बायकोसकट. नंदिता चोवीस-पंचवीसची, हसरी, सेलमच्या मराठी कुटुंबातली. तिच्यात खोट काढायला कमलाक्षीनं पुष्कळ शोधलं, पण सापडली नाही. कलर टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं आणि आणखी कसली कसली खोकी घेऊन ती माडीवर चढली आणि म्हणाली, "अक्का, मला काही येत नाही पॅकिंगचं. तुम्ही सांगाल तसं करत्यें."

अक्का. ही हाक कमलाक्षीनं आजवर फक्त एकीला मारली होती. तिला ती अंगाला लागल्यासारखी वाटली.

दोघी दुपारभर सामान आवरत होत्या. गल्लीत केबलवाला तारा ओढत होता, त्याचा आरडाओरडा वर ऐकू येत होता. नंदिता सगळं हाताला येईल तसं ट्रंकेत कोंबत होती आणि तोंडानं बोलत होती. बोलता बोलता सहज म्हणाली, "यांना आधी पण क्वार्टर मिळालं होतं म्हणे. कोचीला मिळालं, मुंबईला पण मिळालं. एकट्याला कशाला एवढं घर म्हणून परत केलं. मित्रांबरोबर बरं चाललं होतं म्हणाले. पुरुषांना कळत नाही हो, नाही कां?"

कमलाक्षीच्या हातात नित्याचा फ्रॉक होता. तिनं तो झटकला, नीट घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला.

"नाही कळत," ती म्हणाली.

त्या क्षणी तिला प्रद्युम्नाचा इतका राग आला की कानशिलं तापली. भरलेल्या ट्रंकेवर बसून पोस्टमनची वाट पाहणारी अक्का तिला दिसली. याला शिक्षा व्हायला हवी, तिच्या मनात आलं. आणि देणार कोण? जो तो म्हणतो, बिचारा बायकोविना राहिला.

दुसऱ्या दिवशी सवाष्णीची पूजा होती. या घराण्यांत ती जुनी चाल आहे. घरातली बाई कुंकवासकट गेलेली असली, तर तिला पाटावर बसवल्याशिवाय घर सोडून जायचं नाही. नवं नऊवारी लुगडं धुऊन, वाळवून, निऱ्या घालून पाटावर बाईच्या आकारानं मांडायचं. त्यावर फुलं, शेजारी आरसा, फणी, बांगड्या. समोर केळीच्या पानावर वाढलेलं जेवण. मग तिच्या माहेरच्या बाईनं एकटीनं आत जायचं, दार लोटून घ्यायचं आणि सांगायचं, "तू घर राख, आम्हाला जाऊ दे." सांगायचं ते माहेरच्यांनीच. सासरच्यांचं ती ऐकत नाही म्हणतात.

लावण्याच्या माहेरचं आता एकच माणूस उरलं होतं.

"कमला, तेवढं करशील ना?" प्रद्युम्नानं विचारलं. बंदराबंदराचं पाणी प्यायलेला माणूस, पण या बाबतीत लहान पोरासारखा भ्यायलेला होता. "आत्या म्हणते, केलं नाही तर बरं नव्हे. तुझा विश्वास नाही, ठाव आहे मला. माझ्यासाठी कर."

"करत्यें की भावजी," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कधी म्हटलंय?"

विश्वास तिचा खरोखरच नव्हता. म्हणून तर तिला ते सोपं वाटलं. तिनं दार लोटलं, खिडकीही लावली. खोलीत मोगऱ्याचा आणि तुपाचा वास होता. पाटावर हळदी रंगाचं लुगडं बसलं होतं. बाहेर सगळे हात जोडून उभे आहेत, हे तिला माहीत होतं. ती पाटासमोर वाकली आणि हळू, पण स्वच्छ आवाजात म्हणाली,

"अक्का, त्यांना क्वार्टर मिळालंय. तुझं होतं ते. ये. यांच्याबरोबर जा. आणि त्याला सोडू नकोस."

काहीच झालं नाही. होणार तरी काय? तिला फार बरं वाटलं, एवढंच. थोडा वेळ गेल्यावर ती दार उघडून बाहेर आली.

"सांगितलंस?" शेषम्मा आत्यानं विचारलं.

"सांगितलं."

आत्या आत डोकावली. भांड्यातलं पाणी संपलं होतं. लुगड्याच्या निऱ्या मोडल्या होत्या, पाट अर्धा उघडा पडला होता. "घेतलं हो तिनं," आत्या समाधानानं म्हणाली. कमलाक्षीनं मनाशी हिशेब मांडला. पाणी कुणी कमीच ओतलं असेल. कडक खळीचं लुगडं आपोआप सुटतं. हिशेब जुळला आणि ती जेवायला बसली.

सकाळी नंदिता ट्रंकेपाशी उभी होती. "अक्का, तुम्ही कधी केलंत हे? किती छान!"

कोंबलेले कपडे काढून कुणीतरी पुन्हा भरले होते. युनिफॉर्मच्या कॉलरी आत दुमडलेल्या. मधे नित्याचे फ्रॉक, मोठ्यावर लहान असे रचलेले. कोपऱ्यांत तांदळाच्या पुरचुंड्या. कमलाक्षीनं एक उचलून पाहिली. गाठ उलटी मारलेली होती, लावण्या डावखुरी होती तशी. आणि फडकं हळदी रंगाचं होतं. ती उठून खोलीत गेली. पाटावरच्या लुगड्याचा पदर फाटलेला होता.

"माझ्या साड्या तेवढ्या राहिल्या," नंदिता मागून म्हणाली. त्या दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी रचून ठेवलेल्या होत्या. "जागा पुरली नाही होय? पर्वा नाही, मी बसवत्यें."

तिनं त्या आत बसवल्या. दुपारी त्या पुन्हा जिन्याशी होत्या. संध्याकाळी तिनं बसवल्या आणि ट्रंकेला कुलूप लावलं. दिवेलागणीला कुलूप तसंच होतं आणि साड्या जिन्यावर होत्या, आणखी एक पायरी खाली. नंदिता हसायची थांबली. तिला वाटलं, कमलाक्षी करते आहे हे सगळं. ती नवऱ्याला काही सांगणार तेवढ्यात कमलाक्षीनं तिचा हात धरला.

"मी नाही ग," ती म्हणाली. आपला आवाज इतका लहान कसा झाला, हे तिला कळेना.

आता हिशेब जुळत नव्हता. नंदिताच्या साड्या बाहेर, म्हणजे ती नको; प्रद्युम्नाचे कपडे आत, म्हणजे तो हवा आहे. ते ठीक, तेच तर सांगितलं होतं. पण फ्रॉकही आत होते. ट्रंकेच्या बरोबर मधोमध, सगळ्यात जपून ठेवलेले. तिनं फक्त नवऱ्याचा विचार केला होता. आईला लेक लागेल, ही साधी गोष्ट तिच्या रागाला सुचली नव्हती.

तिनं प्रद्युम्नाला गाठलं. "भावजी, नित्याला इथेच राहू दे. निदान परीक्षेपर्यंत. पाया पडत्यें."

"अय्यो, असं काय बोलतेस?" तो गोड हसला. "पोरीला समुद्र दाखवायला नको? तू पण ये ना सुटीत. आता मोठं घर आहे."

मग तिनं जे करता येईल ते केलं. ट्रंकेची किल्ली मागून घेतली, फ्रॉक सगळेच्या सगळे काढले, स्वतःच्या कपाटात ठेवले आणि कपाटाची किल्ली कमरेला खोचली. कपडेच नाहीत म्हटल्यावर निघण्याच्या घाईत पोर मागे ठेवतील, असा तिचा वेडा बेत होता.

निघायच्या दिवशी ती सकाळच्या शाळेतून धावत आली, तर खाली टॅक्सी उभी होती. ट्रंक टपावर बांधून झाली होती. नित्या पायरीवर बसून पाय हलवत होती. केसांना तेल लावून चापूनचोपून वेणी घातलेली. अंगात निळा फ्रॉक.

कमलाक्षीनं कमर चाचपली. किल्ली होती.

"कुणी घातला हा तुला?"

"अम्मानं."

नंदिताला ती चित्ती म्हणायची. तमिळ पोरं सावत्र आईला म्हणतात तसं. पहिल्या दिवसापासून.

कमलाक्षी जिना चढून वर धावली. खोलीत पाट अजून उचललेला नव्हता. तिनं दार लोटलं, गुडघे टेकले. "अक्का, तू घर राख. राहा अक्का. माहेरचं माणूस सांगतंय. पोरीला सोड." तिनं ते पुन्हा पुन्हा सांगितलं. माणसं निघून गेलेल्या घरात बोलावं, तसा आवाज येत होता.

पाट रिकामा होता. लुगडं कुठेच नव्हतं.

खाली हॉर्न वाजला.

ती पोचली तेव्हा सगळे बसले होते. प्रद्युम्न पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे एका खिडकीशी नित्या. दुसऱ्या दाराला चिकटून, अंग चोरून नंदिता. "जागा पुरत नाही हो," ती रडवेलं हसून म्हणाली. दोघींच्या मधे सीट मोकळी होती.

कमलाक्षीनं नित्याच्या बाजूचं दार ओढलं. ते उघडलं नाही.

टॅक्सी त्रिचीच्या रस्त्याला लागली.

महिनाभर तिनं पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. नंदिता तिसऱ्याच आठवड्यात सेलमला परत आली, एवढं आत्याच्या कानावर आलं. का आली, ते ती कुणाला सांगत नव्हती. शेवटी प्रद्युम्नाच्या शेजाऱ्यांचा नंबर मिळाला. रविवारी सकाळी कमलाक्षी एसटीडी बूथवर गेली. शेजारच्या बाईनं नित्याला बोलावलं. काचेच्या खोक्यात उभी राहून ती वाट पाहत राहिली.

"मावशी?" आवाज आनंदी होता, टवटवीत. "इकडे घरातून कडल दिसतो, समुद्र. सगळा. मोठ्ठा."

"अप्पा कसे आहेत?"

"बसलेत. दारात. ते आता कामावर जात नाहीत. त्यांना डॉक्टर बघून गेला. ते बोलत नाहीत."

"तुला जेवायला कोण घालतं, राजा?"

"अम्मा."

कमलाक्षीनं डोळे मिटले. त्याला सोडू नकोस, असं तीच म्हणाली होती. ते तंतोतंत झालं होतं. आणि तिला त्याचं काडीचंही सुख वाटलं नाही.

"नित्या, ऐक माझं. मी येत्यें तुला न्यायला. आजच निघत्यें. तू शेजारच्या मामींकडेच थांब. घरी जाऊ नको. ऐकलंस?"

पोरीनं फोनवर हात ठेवला. पलीकडे ती कुणाला तरी विचारत होती, घरच्या तंजावुरी मराठीत. ती भाषा तिथं शेजारच्या बाईला येणं शक्य नव्हतं. मग हात निघाला.

"अम्मा म्हणते, इतक्यात नको," नित्या म्हणाली. "ती बोलावील तुला."